नातीची आवक

माणूस जन्माला येतो, ही फक्त बातमी असते. तिला पुष्टी मिळते ती दाखला हातात आल्यावर. मधल्या काळात रडणं, दूध पिणं, पालथं पडणं वगैरे जे काही ते मूल करतं ते सगळं विनापरवाना असतं. पण बालकांच्या बाबतीत आपलं प्रशासन पहिल्यापासून उदार असल्यामुळे कोणी हरकत घेत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. चौतीस वर्षं मी पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात छाननी शाखेत होतो. (कार्यालयाचं नाव सांगत नाही. माझं निवृत्तिवेतनाचं एक प्रकरण अजून तिथे आहे.) छाननी म्हणजे लोकांनी भरून आणलेल्या अर्जातल्या त्रुटी शोधणं. नवखा कारकून सगळ्या त्रुटी एकदम सांगून मोकळा होतो. त्यात कसब नाही. खरी छाननी म्हणजे एका फेरीला एकच त्रुटी, आणि तीही आधीच्या फेरीत न सांगितलेली. त्यामुळे अर्जदाराचा कार्यालयाशी संबंध टिकतो. वाघोलीचे रंगराव म्हणून एक गृहस्थ मुलीच्या फीसवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला मागायला माझ्याकडे नऊ वेळा आले. दहाव्या वेळी दाखला मिळाला तेव्हा मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका द्यायला ते अकराव्यांदा आले. इतका जिव्हाळा आजकालच्या ऑनलाइन कारभारात कुठे राहिला आहे?

हा गुण माझ्यात घरातूनच आला. माझे वडील नागोराव यवतमाळकडचे. छप्पन साली त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून आम्ही कोण होतो, आता कोण आहोत, आणि होतो ते आता नाही तर मग सवलत कशाची, हे आम्ही तीन पिढ्या कागदावर सिद्ध करत आलो आहोत. ज्यांना हे आयुष्यात कोणी विचारलंच नाही, त्यांची मला कीव येते. त्यांच्या घरात एक धड फाइल नसते. माझा मुलगा प्रज्ञेश याच्या जात पडताळणीला मी त्रेचाळीस कागद जोडले होते. समितीने सतरा मागितले होते. काम पहिल्या फेरीत झालं, आणि त्या दिवसापासून प्रज्ञेश मला दाखवल्याशिवाय कुठलाही फॉर्म भरत नाही.

हा प्रज्ञेश खराडीच्या एका कंपनीत होता. कंपनीने त्याला नेदरलँड्सला पाठवलं, सूनबाई निकिता बरोबर गेली, आणि दोन वर्षांपूर्वी पाच मार्चला तिकडे त्यांना मुलगी झाली.

आता इथे एक अडचण होती. आमच्या सौभाग्यवती कांताबाईंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावं लागतं. विमानाने जाऊन नात पाहून येणं, या विषयावर डॉक्टरांनी एका शब्दात निर्णय दिला होता. म्हणजे नातीनेच कर्वेनगरला आमच्या घरी यायला हवं. कांताबाईंची मागणी तशी किरकोळ होती. फोनवर नको, मांडीवर हवी, एवढंच त्या म्हणायच्या. आपल्याकडे किती दिवस आहेत हे त्या मोजत नव्हत्या. मी मोजत होतो, पण बोलत नव्हतो.

कायदा असा आहे की, भारतीय आईबापांचं मूल परदेशात जन्मलं तर वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत त्याची नोंद करावी लागते. नोंद झाली की मूल भारतीय; मग पासपोर्ट, मग विमान, मग कर्वेनगर. नोंद होईपर्यंत मात्र ते आपल्या लेखी इथलं नसतं, आणि आईबाप बाहेरचे म्हणून तिथल्या लेखी तिथलंही नसतं. माणसाने विश्वाचं नागरिक व्हावं म्हणून आपल्याकडे मोठमोठी व्याख्यानं होतात. आमच्या नातीने ते तीन किलो दोनशे ग्रॅम वजनात साधलं.

वकिलातीची कागदांची यादी अवघी नऊ बाबींची होती. एवढ्या मोठ्या देशाचं नागरिकत्व नऊ कागदांत द्यायचं हे मला पटलं नाही. मी प्रज्ञेशला कळवलं की, अर्ज वकिलातीत जाण्यापूर्वी माझ्याकडून तपासून घ्यावा. बावीस एप्रिलला त्याने तो व्हॉट्सॲपवर पाठवला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला, घरच्या आवक नोंदवहीत त्याला क्रमांक दिला, वर तारखेचा शिक्का मारला आणि लाल पेन उघडलं. निवृत्तीनंतर इतका आनंद मला पहिल्यांदाच होत होता. काही शेरे नमुन्यादाखल देतो.

फेरी पहिली: छायाचित्रात अर्जदार हसत आहे. हसण्याचे कारण नमूद नाही.

फेरी दुसरी: सुधारित छायाचित्रात अर्जदार रडत आहे. आधीचे हसणे का मागे घेण्यात आले, खुलासा करावा.

फेरी चौथी: जन्मस्थळ 'राहते घर' असे दाखवले आहे. (तिकडे सुईण घरी येते आणि बाळंतपण करून सायकलवरून निघून जाते.) प्रगत देशाबाबत हे विश्वसनीय वाटत नाही. सुईणीचे पत्र जोडावे.

फेरी पाचवी: सुईणीचे पत्र डच भाषेत आहे. भाषांतर जोडावे.

फेरी सहावी: भाषांतरानुसार सुईणीने अर्जदारास 'गोड' म्हटले आहे. असा अभिप्राय देण्यास ती सक्षम प्राधिकारी आहे काय?

सातव्या फेरीच्या सुमाराला सूनबाईंचा फोन आला. निकिता मितभाषी आहे. ती म्हणाली, "बाबा, हा फॉर्म तुम्हाला पास करायचा नाहीये. एम्बसीला करायचाय." मी तिला समजावलं की, वकिलातीतून अर्ज परत आला तर पुन्हा रांग, पुन्हा तारीख; त्यापेक्षा घरच्या घरी परत आलेला काय वाईट? त्यावर तिने फोन प्रज्ञेशकडे दिला. प्रज्ञेशने, सातवीतल्या त्रुटी आठवीत पूर्ण करतो, असं सांगितलं. मुलावर संस्कार चांगले आहेत.

अकराव्या फेरीला अर्जात काही उरलं नाही. मी तीनदा पाहिलं. नाइलाजाने 'तपासले, योग्य आढळले' लिहून सही केली आणि प्रज्ञेशला कळवलं की, मुदतीला अजून त्रेचाळीस दिवस आहेत, निवांत जा. त्या दिवशी दहा मार्च होता.

आता जाणकार वाचक म्हणतील की, पाच मार्चला वर्ष संपलं. ते जाणकार नाहीत. आमच्या शाखेत चौतीस वर्षं कुठलीही मुदत एकाच तारखेपासून मोजली गेली आहे, ती म्हणजे अर्जावरच्या आवक शिक्क्याची तारीख. माणूस कधी जन्मला, कधी आजारी पडला, कधी वारला, याच्याशी कार्यालयाचा संबंध नसतो. त्याचा कागद टेबलावर कधी आला, याच्याशी असतो. शिक्का बावीस एप्रिलचा होता. कायद्यात 'जन्मापासून' असं लिहिलेलं मी वाचलं होतं. अकराही वेळा वाचलं होतं. पण जन्म म्हणजे आवक, यात मला कधी शंकाच आली नव्हती.

वकिलातीतून प्रज्ञेशला सांगण्यात आलं की, मुदत पाच मार्चलाच संपली आहे, आता दिल्लीची परवानगी लागेल. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. तो फोनवर मला हे सांगत होता तेव्हा कांताबाई शेजारी बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचं डायलिसिस झालेलं होतं, त्यामुळे आवाज बारीक होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "आवक तिच्या आईच्या पोटातून झाली. तुमच्या टेबलावर नाही झाली."

मला लाज वाटली. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटत असल्यामुळे हे नेमकं काय होतं आहे, ते कळायला थोडा वेळ लागला. मग रंगराव आठवले. त्यांच्या मुलीला पुढे शिकायचं होतं, हे त्यांनी मला नऊपैकी निदान सहा वेळा सांगितलं होतं.

दिल्लीला विलंबाचं कारण लेखी द्यावं लागतं. प्रज्ञेशने लिहिलं की, कौटुंबिक अडचणींमुळे उशीर झाला. मी म्हटलं, हे मोघम आहे, अडचणीचं नाव नमूद नाही. शिवाजीनगरला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं: मी, सीताराम नागोराव, वय अडुसष्ट, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर विलंबास मी आणि माझं लाल पेन जबाबदार आहोत, अर्जदार, तिचे आईबाप आणि सुईण निर्दोष आहेत. नोटरीने पेन वगळायला लावलं. घरी आल्यावर दिसलं की दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम चुकला आहे. मी तो तसाच राहू दिला आणि कागद पाठवून दिला.

परवानगीला सात महिने लागले. मी असतो तर जास्त घेतले असते. या सात महिन्यांत कांताबाई दोनदा दवाखान्यात भरती होऊन आल्या, आणि दोन्ही वेळा निघताना त्यांनी विचारलं, दिल्लीहून काही आलं का. मी सांगायचो, प्रकरण विचाराधीन आहे. हे वाक्य मी आयुष्यात हजारो लोकांना ऐकवलं असेल, पण ते ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे पाहायला तेव्हा वेळ मिळाला नव्हता.

नोव्हेंबरात पासपोर्ट झाला. सोबत निकिताने मंजूर झालेल्या अर्जाची प्रत पाठवली. त्यात अर्जदार हसत होती. तो पहिल्या फेरीतलाच अर्ज होता, एकही दुरुस्ती न केलेला. वकिलातीने त्यात काही त्रुटी काढली नव्हती. खरं सांगतो, याचं थोडं वाईट वाटलं.

डिसेंबरात एकवीस महिन्यांची नात घरी आली. कांताबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. नात आधी लांबून बघत राहिली, मग चढून सरळ मांडीवर जाऊन बसली आणि त्यांच्या दंडावरच्या पट्टीला बोट लावून काहीतरी डचमध्ये विचारलं. कांताबाईंनी मराठीत उत्तर दिलं. दोघींचं तासभर व्यवस्थित चाललं होतं. मी दाराशी उभा होतो आणि रडत होतो, हे इथे नमूद करतो.

पुढच्या तीन आठवड्यांत तिला पाहायला एक्केचाळीस जण येऊन गेले. सवयीने मी नोंद ठेवली. 'तिकडचा पासपोर्ट कधी मिळणार?' असं विचारणारे सव्वीस. तो घेतला तर इकडचं नागरिकत्व जातं, हे सांगितल्यावर 'मग काय बिघडलं?' म्हणणारे त्यांपैकी चोवीस. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सलिल यांनी तर तिकडे किती वर्षं राहिल्यावर हे जमतं, ते मोबाइलवर शोधूनही दिलं. चॉकलेटं आणली का, असं विचारणारे नऊ. मुलगी कोणावर गेली, यावर वाद घालून गेलेले पाच. राहिल्या एक, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मुक्ताबाई. त्यांनी कणकेचे हात पदराला पुसले, खाली बसल्या आणि तिलाच विचारलं, "नाव काय गं तुझं?"

आपणही इथवर आलात. अर्जदाराचं जन्मस्थळ, वजन, छायाचित्रं, सुईणीचा अभिप्राय आणि विलंबाचं कारण, हे सगळं आपण लक्ष देऊन तपासलंत. तिचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडलं असं दिसलं नाही. छाननी शाखेला आपल्यासारख्या माणसांची कायम गरज असते.