वैद्याला आणायला गेलेला

बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं, की तळमजल्यावरचे दत्तूकाका त्यांना पाणी कधी येतं ते सांगतात, चांगला दूधवाला सुचवतात आणि मग विचारतात, "तुम्हाला काय वाटतं, तो सेवक गेला कुठे असेल?"

काका रेल्वेतून निवृत्त. तरुणपणी इथल्याच एका हौशी नाटकमंडळीत नाटकं करायचे. त्यांत एक जुनी शोकांतिका होती. शेवटच्या अंकात राणी विष पिते, राजा "वैद्याला आणा" म्हणतो आणि एक सेवक "आत्ता आणतो, महाराज" म्हणत पळत सुटतो. तो सेवक म्हणजे आमचे काका. मग राणी जाते, राजा जातो, सेनापतीही कशाने तरी जातो आणि पडदा पडतो. सेवक परत येतच नाही. लेखक त्याला विसरला, काका विसरले नाहीत.

"वाटेत मेला असेल," मी एकदा कंटाळून म्हणालो.

"कशानं? धडधाकट माणूस आहे. मी केलाय तो."

वरच्या मजल्यावरच्या हेतलबेनचं मत पडलं, "काका, ए तो घेर जतो रह्यो हशे."

"घरी जाईल? राणी तडफडत असताना?" काकांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

यंदा सोसायटीच्या गणपतीत तोच अंक करायचं ठरलं. हेतलबेन राणी, मी राजा. सेवकाच्या कामाला काका तयार झाले, पण अट घालून.

"शेवटी मी परत येणार."

"सगळे मेल्यावर येऊन करणार काय, काका?"

"ते आल्यावर बघू."

प्रयोगात आम्ही सगळे ठरल्याप्रमाणे मेलो. एक डोळा किलकिला करून मी पाहत होतो. काका धापा टाकत आले, मागे वैद्य झालेले औषधाच्या दुकानवाले शहाभाई. प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, "काका, मोडा पड्या." उशीर झाल्याचं सगळ्यांना दिसतच होतं. हॉल हसला.

काका राणीपाशी गेले, खाली बसले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिच्या पावलांवर नीट पांघरलं. हसणं हळूहळू थांबलं.

नंतर आरती झाली, पानं मांडली. हेतलबेन काकांच्या शेजारी बसल्या.

"काका, पायच का ढाकले? लोक तो तोंड ढाकते."

काका भात कालवत होते. "मी मांडवीच्या बाजारातून औषध घेऊन आलो ना, तेव्हा आमच्या हिचे पाय उघडे होते. हिला पायांना फार गार लागायचं."

काकूंना आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. आम्ही सगळे त्या गेल्यानंतर राहायला आलो. हेतलबेननी आपल्या पानातला मोदक उचलला आणि काकांच्या पानात ठेवला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"एकच?" ते म्हणाले.