नलूवहिनींची झाडझूड

नलूवहिनींनी एकदा माझ्या हातातला चहाचा कप अर्धा प्यालेला असतानाच धुवायला नेला होता. उरलेला चहा त्यांनी दुसऱ्या कपात ओतून दिला, त्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती. पहिल्या कपाला बाहेरून ओघळ आला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

इंदूरच्या मल्हारगंजमध्ये आमची घरं समोरासमोर. मी बँकेत, त्यांचे यजमान वामनभाऊ कापडाच्या मिलमध्ये बाबू. वहिनींच्या घरात पडून राहिलेली वस्तू टिकत नसे. झाकण हरवलेला डबा असो की कान तुटलेली कढई, न्याय एकच: "काम नाही, तर मुक्काम नाही." एवढं म्हणून त्या वस्तू उचलायच्या आणि कबाडीवाल्याच्या गाडीवर टाकायच्या. एकदा माझी छत्रीही गेली. पाऊस नव्हता, म्हणजे तिला काम नव्हतं.

मग मिल बंद झाली. त्या काळात शहरातल्या मिला एकेक करून बंद पडत होत्या आणि पलासियाला, नव्या वस्तीत, कम्प्युटरचे क्लास एकेक करून उघडत होते. वामनभाऊ म्हणायचे, "खुलेगी. सरकार काही तरी करेलच." पुढे ते म्हणणंही थांबलं. दाढी वाढली. दुपारपर्यंत ते पायजम्यात खाटेवर बसून असायचे. एके दिवशी वहिनी मोडकं स्टूल उचलताना सवयीनं बोलून गेल्या, "काम नाही, तर मुक्काम नाही." वामनभाऊ उठले, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. वहिनींनी स्टूल हळूच परत भिंतीशी ठेवलं. ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी क्लासला नाव घातलं. मुलीच्या वयाच्या पोरींमध्ये बसून शिकल्या. भोपाळच्या भावाच्या ऑफिसनं काढून टाकलेला एक कम्प्युटर बसमध्ये मांडीवर घेऊन आल्या आणि पुढच्या खोलीवर पाटी लावली: टायपिंग, अर्ज, लग्नपत्रिका.

आल्या आल्या त्यांनी कम्प्युटर दातांच्या जुन्या ब्रशनं घासून काढला. मग त्यांची नजर आत वळली. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. मशीन सुरूच होईना.

"काय केलं होतं, वहिनी?"

"काही नाही हो, भावजी. आत बिनओळखीच्या नावांची पुष्कळ मंडळी होती. कमांड डॉट कॉम म्हणून एक होता. मी नव्हता बनवला. काढला."

"अहो, तो घरमालक आहे. त्याच्याशिवाय मशीन उठतच नाही."

"मग पाटी तर लावायची."

बँकेत नुकतेच कम्प्युटर आल्यामुळे मला थोडंफार येत होतं. फ्लॉपीवरून घरमालकाला परत आणून बसवला आणि त्यांना समजावलं, की नाव ओळखीचं नसलं म्हणून फाइल काढायची नसते. काढायच्या त्या टेम्प फाइली. काम चालू असताना मशीन त्या तात्पुरत्या बनवतं, आणि मध्येच लाइट गेली की त्या तशाच आत पडून राहतात. आमच्याकडे लाइट रोज जायची. वहिनींनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आत एवढा कचरा साठलाय आणि मी बाहेरून फडकं मारतेय." पण घरमालकाच्या धसक्यानं त्यांनी एकटीनं पुन्हा आत हात घातला नाही.

अनंत चतुर्दशी जवळ आली होती. इंदूरला त्या दिवशी मिलांच्या झांक्या निघतात. दिव्यांनी सजवलेले देखावे गाड्यांवर चढवून गावभर मिरवतात. मिल बंद, मग झांकी कशी निघणार, असं सगळे म्हणत होते. पण कामगारांनी वर्गणी काढून ती न्यायचीच असं ठरवलं. वामनभाऊंचे जुने सोबती रामचरणजी घरी आले. "भाभी, वर्गणीचं अपील छापून द्या. उद्या सकाळपासून घरोघर वाटायचंय."

वहिनींनी मजकूर टाइप केला, जपून ठेवायला गेल्या, आणि पडद्यावर आलं की आत जागा शिल्लक नाही.

पलासियाहून कम्प्युटरवाल्याला बोलावलं. टाय लावलेला मुलगा. त्यानं दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "भाभीजी, इसका टाइम हो गया. पुराना माल है. नया ले लो."

खाटेवर वामनभाऊ आणि रामचरणजी एकमेकांकडे बघायला लागले. मिलच्या साच्यांबद्दल, कापड विणणाऱ्या मागांबद्दलही, त्यांनी हेच ऐकलं होतं.

"बंद पडलंय का?" वहिनींनी विचारलं.

"बंद नहीं है, भाभीजी. पुराना है."

"पुराना है ना? मरा तो नहीं. पोहे खाओ और जाओ, भिया."

त्यानं पोहे खाल्ले आणि गेला. मग वहिनी आणि मी मशीनपुढे बसलो. टेम्प फाइली संपता संपेनात. पडदे भरभरून वर सरकत होत्या. सगळ्या काढल्या आणि आत एवढी जागा झाली की वहिनींनी दोनदा विचारलं, चुकून घरमालक तर गेला नाही ना. अपील छापून झालं. रामचरणजी गठ्ठा काखोटीला मारून निघाले.

वहिनींचं समाधान मात्र झालं नव्हतं. "भावजी, मी रोज उठून आधी अंगण झाडते. याला हे सांगून ठेवता येत नाही? उठल्या उठल्या अपने आप झाडायचं, मग कामाला लागायचं."

येत होतं. सुरू होताना मशीन जी फाइल वाचतं, तिच्यात मी एक ओळ घातली: टेम्प फाइली दिसतील तेवढ्या न विचारता साफ.

त्या वर्षी झांकी निघाली. बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या लोकांनीही वर्गणी दिली होती. बंद मिलची गाडी दिव्यांनी लखलखत आली तेव्हा गर्दीनं वाट करून दिली आणि गाडीवरून रामचरणजींनी वहिनींना वाकून नमस्कार केला. वामनभाऊ गाडीबरोबर चालत होते, दाढी करून.

वहिनींचं नाव गल्लीबाहेर गेलं. लोक मरायला टेकलेली मशीनं सायकलवर बांधून आणायचे. "भाभी, झाडू मार दो." आणि दिवाळीच्या सुमारास टायवाला मुलगा स्वतः आला, बाहेरच उभा राहून म्हणाला, "भाभीजी, वो अपने आप सफाई वाली फ्लॉपी मिलेगी?" वहिनींनी त्याला फ्लॉपी दिली, पोहेही दिले आणि टाय नीट बांधायला लावला.

एका सकाळी मी एक अर्ज टाइप करून घ्यायला गेलो. मशीनपुढे वामनभाऊ होते. आंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, नाकावर चष्मा. पडद्यावर एकेका फाइलचं नाव येत होतं आणि प्रश्न येत होता: काढायची का? ते नाव वाचायचे, क्षणभर विचार करायचे आणि 'वाय'चं, म्हणजे होकाराचं, बटण दाबायचे. पुढचं नाव.

मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भांडी विसळत होत्या.

"वहिनी, काही बिघडलंय. मी घातलेली ओळ विचारत नव्हती. लगेच दुरुस्त करतो."

"राहू द्या. मीच बदललंय ते."

"कशाला? आपोआप होत होतं की."

वहिनींनी नळ बंद केला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिलमध्ये यांची सही झाल्याशिवाय एक गठ्ठा बाहेर जात नव्हता, भावजी. इतकी वर्षं लोक येऊन यांना विचारायचे. आता सकाळी उठल्यावर यांना कुणी तरी काही तरी विचारायला नको?"

बाहेरून वामनभाऊंचा आवाज आला, "नलू, झालं गं. आज बरीच होती."

"हो का?" वहिनी म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत ते बघायला बाहेर गेल्या.