घटाआधीची लिनक्स-सफाई

"चांगलं चालू होतं की," आमचे हे भाकरीच्या तुकड्याला म्हणाले. भाकरीला म्हणाले, म्हणजे मला म्हणाले.

चालू वस्तू माणसाला काहीही शिकवत नाही, हे सर्वमान्य सत्य आहे. आमचा पंखा लग्नापासून चालू आहे. त्याच्यापासून कोण काय शिकलं? उलट लिनक्स. पोरानं जुन्या लॅपटॉपात विंडोज काढून ते बसवून दिलं, तेव्हापासून मी ते स्वतः मोडते आणि स्वतः जोडते. आवाज घालवला, तेव्हा आवाज कळला. वायफाय घालवलं, तेव्हा वायफाय कळलं (आणि शेजारीणही कळली, तिचंही आमच्यावरच चालत होतं). पाहणीनुसार मोडणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोक शिकतात. (पाहणी मीच केली. लोकही मीच.)

घराचाही फायदा झाला. सगळ्यांचे, माहेरी येणाऱ्या लेकीचेही, फोन सारखे भरत. मी फर्मान काढलं, फोटो लॅपटॉपात ओता आणि फोन मोकळे करा. आमच्या घरात तंतोतंत पाळलं गेलेलं हे एकमेव फर्मान. नात ईश्वरीचं अख्खं पहिलं वर्ष, म्हणजे बोळकं, रांगणं, वरणात कोपरापर्यंत बुडवलेला हात, लॅपटॉपात सुखरूप येऊन बसलं. वाढदिवसाला ते टीव्हीवर दाखवायचं ठरलं.

वाढदिवसाच्या आधी नवरात्र आलं. घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुऊन निघतं. वर्षभर हात न लागलेला डबा माळ्यावर राहत नाही. हाच न्याय मी लिनक्सला लावला. आत 'लिब'नं नाव सुरू होणारी शेकडो पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांची गाठोडी, निघाली. कोण, कुठली, कुणाकडून आली, काही पत्ता नाही. लग्नात जेवून जाणाऱ्या अनोळखी पाहुण्यांसारखी. काढायला घेतली. लिनक्सनं विचारलं, नक्की ना? सासरी आल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी भारावून 'हो' म्हटलं.

स्क्रीन काळी झाली. इतका स्वच्छ काळा रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता.

दुरुस्ती हाच खरा अभ्यास. पेनड्राइव्ह लावून लिनक्स नव्यानं बसवायला घेतलं. ते म्हणालं, सगळी डिस्क पुसून बसवू का? सणाच्या तोंडावर अर्धी सफाई कोण करतं? दुपारपर्यंत मशीन असं पळायला लागलं, की मी स्वयंपाकघरात फुगडी घातली. (एकटीनं. जमते.)

वाढदिवसाला आमची लेक मैत्रेयी ईश्वरीला घेऊन, पूर्णा जंक्शनला गाडी बदलून आली. टीव्हीला लॅपटॉप जोडला. फोटोंचं फोल्डर उघडलं. ते अतिशय नीटनेटकं होतं, कारण त्यात काहीच नव्हतं.

"लय फास्ट झालाय गं आई," मैत्रेयी म्हणाली.

"चार्जर नवा का?" ह्यांनी विचारलं आणि वायरीचा पीळ सोडवायला घेतला.

मी स्क्रीनवरचं मागचं चित्र बदलून दाखवलं. निळ्यापेक्षा हिरवं बरं, यावर एकमत झालं. मग हिरव्यापेक्षा निळंच बरं, यावरही झालं.

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाईंनी, म्हणजे नर्मदाबाईंनी, कापूस खाली ठेवला.

"बापू, ती वायर कायला कुरवाळायलास? पोरीचं वरीस गेलं की. दुसरीकडं कुठं ठिवलंच न्हाई ना कुणी!"

'कुणी' म्हटल्याबरोबर सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपापले फोन हळूच छातीशी धरले. (तुम्ही आत्ता धरलात, तसेच.)