भास्कर मास्तर मेकॅनिक शोधतात

माझी स्कूटर ठणठणीत असली की भास्कर मास्तर मला ती मेकॅनिककडे न्यायला लावत. ती खरोखर बिघडली तर त्यांना रस नसायचा. म्हणायचे, "आता काय उपयोग? बिघडलेली गाडी कुनी बी ओळखंल."

रविवारी सकाळी चहा झाला की भिंतीपलीकडून हाक यायची, "भाऊ, निघायचं का?" मी स्कूटर काढायचो, ते मागे बसायचे. गॅरेज आलं की उतरून मान जराशी तिरकी करत आणि चेहरा पाडून मेकॅनिकला सांगत, "चालताना कुट्कुट् वाजते. डाव्या अंगाला." असा आवाज माझ्या स्कूटरमधून कधीच आला नव्हता. पण मेकॅनिक स्कूटर चालू करायचा, कान लावायचा आणि त्याला हमखास तो ऐकू यायचा. उधना दरवाज्याच्या मेकॅनिकच्या मते बेअरिंग गेलं होतं. लिंबायतच्या मेकॅनिकने सगळं इंजिन खोलायला सांगितलं. तिसऱ्याने आवाज तर ऐकलाच, शिवाय उजव्या अंगालाही आणखी एक ऐकला. मास्तर सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत, "विचार करून येतो" म्हणत आणि वाटेत माझ्या कानाशी निकाल देत, "कच्चा रंग आहे. पहिल्या धुण्यात उतरंल."

रंगाची भाषा त्यांच्या तोंडात असणं साहजिक होतं. पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते रंगमास्तर होते. साड्यांच्या कापडाला कुठला रंग किती चढवायचा, हे त्यांचं काम. बोटांच्या पेरांवर नेहमी निळसर नाहीतर गुलाबी झाक असे. मूळचे पारोळ्याकडचे, तरुणपणी सुरतेला आलेले. आमची घरं नवागामच्या पुढे, डिंडोलीच्या बाजूला, भिंतीला भिंत लागून. मी उधन्याला रेल्वेच्या माल-ऑफिसात कारकून. मास्तर आणि सिंधूवहिनी घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं. दोघं आपसात अहिराणी बोलत, माझ्याशी मराठी, आणि भाजीवालीशी अशी गुजराती, की ती भाव सांगायचा सोडून हसत बसे.

आता माणसाला मेकॅनिक हवा असेल तर त्याच्याकडे गाडी असणार. मास्तरांकडे होती. आमच्या गल्लीत, त्यांच्या ओट्याला टेकून, एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार उभी होती. लाल, ठेंगणी, पुढचं नाक लांबलचक, दोन दारं, दोन सीटं, डोक्यावर कापडी छप्पर. ते छप्पर फाटलेलं. इंजिन कधीपासून बंद. तिच्यावर मास्तरांनी घरीच शिवलेली खोळ असायची. प्रोसेस हाउसमध्ये छपाई बिघडलेलं कापड त्यासाठी आणलेलं. त्यामुळे गाडी कधी मोठाल्या सूर्यफुलांत दिसे, कधी मोरपिसांत. गल्लीत पत्ता सांगताना लोक म्हणत, "साडी नेसलेली गाडी दिसली की तिथून तिसरं घर."

ही गाडी त्यांच्या शेठच्या वडिलांची. म्हातारे गेल्यावर शेठने बंगल्यातलं जुनं गॅरेज पाडायचं ठरवलं. तिथे दोन गाड्या होत्या. एक मोठी, चार दारांची, चांगली चालणारी. दुसरी ही. मास्तरांवर शेठची मर्जी होती. शेठ म्हणाला, "मास्तर, बेमांथी जे जोईए ते लई जाव." दोघींपैकी हवी ती न्या. मास्तरांनी चालणारी सोडली आणि बंद असलेली मागितली. शेठला वाटलं, मास्तर संकोचाने मागतायत. त्याने पुन्हा विचारलं. मास्तरांनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटी गाडी हातगाडीसारखी ढकलत आणि मधे टेम्पोला बांधून आमच्या गल्लीत आली.

मोठी का नाही घेतली, हे कोडं सगळ्या गल्लीला पडलं होतं. मी एकदा सरळ विचारलं. मास्तर म्हणाले, "तिचा रंग मला पटला नाही." मोठी गाडी पांढरी होती. पांढऱ्यात न पटण्यासारखं काय असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गाडी आली त्या महिन्यात मास्तरांनी कोणा ओळखीच्याने धाडलेल्या एका मेकॅनिकवर विश्वास ठेवला होता. तो पुढचे दोन्ही दिवे आणि पितळी भोंगा "साफ करून आणतो" म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. मास्तरांनी आरडाओरडा केला नाही. दिव्यांच्या रिकाम्या खोबणींत वहिनींनी कापडाचे बोळे भरले, उंदीर जाऊ नयेत म्हणून. त्यानंतर माझ्या स्कूटरच्या या वाऱ्या सुरू झाल्या.

आम्ही पुष्कळ गॅरेजं पाहिली. अठवा लाइन्सला एक चकचकीत गॅरेज होतं, तिथे मालकाने आम्हाला थंड पाजलं. मास्तरांनी बाहेर पडल्यावर त्याला नापास केलं, कारण त्याची नखं स्वच्छ होती. कामरेजला हायवेवर ट्रकांचं काम करणारा एक सरदारजी भेटला. माणूस मोकळा होता. स्कूटरचा आवाज त्यालाही आला, पण त्याने मास्तरांच्या गाडीचं वर्णन ऐकलं आणि फार आनंदाने सुचवलं, की तिच्यात ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवू, नांगराला जुंपली तरी थांबणार नाही. परतीच्या वाटेवर वराछा आल्यावर मास्तर म्हणाले, "हा रंगच नाही. डांबर आहे."

मग कोणीतरी रांदेरच्या युसुफचाचांचं नाव सांगितलं. तापीपलीकडे, जुन्या वस्तीत, एका चिंचेखाली त्यांचं गॅरेज. चाचा सत्तरीचे असावेत. पांढरी दाढी, आणि सुरतेच्या लोकांचं ते ठेवणीतलं तिरसट बोलणं. मास्तरांनी मान तिरकी करून आपली तक्रार सांगितली. चाचांनी स्कूटर चालू केली. एक लाकडी दांडकं इंजिनावर टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. मग इंजिन बंद करून दांडकं खाली ठेवलं.

"आमां कंई नथी," ते म्हणाले. "अवाज तमारा कानमां छे. डॉक्टर पासे जाव."

स्कूटरला काही झालेलं नाही, आवाज तुमच्या कानात आहे, हे एखाद्याने तोंडावर सांगितल्यावर माणूस रागावतो. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पक्का रंग."

त्यांनी तिथल्या तिथे खोळीतल्या गाडीची सगळी हकीकत सांगितली. पण आता चाचांची पाळी होती. त्यांनी बिडी पेटवली आणि विचारलं, "गाडी चलावतां आवडे छे?"

गुजरातीत 'आवडे छे' म्हणजे 'येतं का'. मास्तर सुरतेत इतकी वर्षं काढलेला माणूस, त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. पण अडचणीच्या वेळी ते मराठी अर्थाचा आसरा घेत. "लई आवडते," ते म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मास्तरांना सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

"पेहले सीखो," चाचा म्हणाले. "जिसको ब्रेक का पता नहीं, उसके हाथ में मैं गाडी नहीं देता."

आणि पन्नाशीला आलेले भास्कर मास्तर उधन्याच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये भरती झाले. शिकवणारा पोरसवदा होता, तो त्यांच्या पाठीमागे माझ्याकडे येऊन गाऱ्हाणं सांगायचा. मास्तर समोर गाय आली की गाडी थांबवतात आणि स्टिअरिंग सोडून नमस्कार करतात. स्कूटरवाल्या बाईला आधी जाऊ देतात, मग तिच्या मागच्याला, मग त्याच्या मागच्याला, आणि तेवढ्यात तास संपतो. लायसनच्या परीक्षेत पहिल्यांदा ते नापास झाले, कारण इन्स्पेक्टरने "डावीकडे वळा" सांगितल्यावर त्यांनी "नक्की का?" असं विचारलं आणि उत्तराची वाट बघत सरळ गेले. दुसऱ्यांदा पास झाले. वहिनींनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले आणि चाचांसाठी वेगळा पुडा बांधून दिला.

गाडी रांदेरला गेली. गल्ली एकदम रुंद वाटायला लागली. चाचांकडे तसले सुटे भाग कुठून असणार? पण यंत्रमागाचे भाग करून देणारा उधन्याचा एक टर्नर त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या लेथवर एकेक भाग नव्याने घडायला लागला. मास्तर सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन चाचांकडे जाऊन बसायचे. वहिनींच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा चाचांना इतका मानवला, की मास्तर रिकाम्या हाताने आले तर ते गाडीला हात लावत नसत. छप्पर मास्तरांनी स्वतः शिवलं आणि त्याचं कापड स्वतः रंगवलं, गडद निळं. बाकी काम कधी पुढे सरकायचं, कधी आठवडेच्या आठवडे अडून राहायचं. मी विचारलं की मास्तर म्हणत, "रंगाला घाई केली की डाग पडतात."

शेवटी एका सकाळी चाचांचा निरोप आला. आम्ही गेलो. गाडी चिंचेखाली उभी होती. नवे दिवे, निळं छप्पर. चाचांनी किल्ली फिरवली आणि तिने खोकल्यासारखं काहीतरी केलं, मग एकसारखा, भरदार आवाज धरला. झाडावरचे कावळे उडाले. मला वाटलं, आता मास्तर धावत जाऊन बसतील. ते गाडीकडे गेलेच नाहीत. त्यांनी विटेचा तुकडा उचलला, समोरच्या मोकळ्या रस्त्यावर थोडं लांब जाऊन आडवी रेघ ओढली, आणि रेघेच्या पलीकडे दोन पावलांवर स्वतः उभे राहिले.

"चाचा, जोरात आणा. ब्रेक मारून रेघेवर थांबवा."

"पागल हो गया है क्या?" चाचा गाडीतून उतरले. "मेरे को जेल भेजेगा? हट वहाँ से."

मीही म्हटलं, "मास्तर, रेघ पुरे. तुम्ही बाजूला व्हा." ते ऐकेनात. मी जवळ जाऊन त्यांचा दंड धरला, तर त्यांनी गाडीवरची नजर न काढता माझाच हात घट्ट पकडला. घाबरले होते तेही. पण बाजूला होत नव्हते.

"भाऊ," ते म्हणाले, "ज्या गाडीसमोर मी उभा राहू शकत नाही, त्या गाडीत हिला कसं बसवू?"

चाचांना मराठी किती कळलं कोण जाणे. ते परत गाडीत बसले. गाडी मागे नेली, आणि मास्तरांनी सांगितलं होतं तशी आणली. मी डोळे मिटले. टायरांचा चर्र आवाज आला. डोळे उघडले तेव्हा पुढची चाकं रेघेच्या अलीकडे होती आणि मास्तर जिथल्या तिथे होते. चाचा स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसले होते. मग उतरून त्यांनी मास्तरांना अशा शिव्या दिल्या, की त्यांतली अर्धी गुजराती मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली. मास्तर सगळ्या शिव्या ऐकून त्यांच्या पाया पडले. चाचांनी त्यांना उठवलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर रविवारी ती लाल गाडी गल्लीतून हळू, फार हळू बाहेर पडायची. सायकलवाले तिच्या पुढे जायचे. मला स्पोर्ट्स कारमध्ये एकदा तरी बसायला मिळेल, असं वाटत होतं. मास्तरांनी कधी बोलावलं नाही. मीही विषय काढला नाही.

हिवाळ्यातली गोष्ट. हजिऱ्याकडे एका नातेवाइकाकडे जाताना इच्छापोरच्या पुढे मला रस्त्याच्या कडेला ती गाडी उभी दिसली. बंद पडली, असं धरून मी स्कूटर थांबवली. आत मास्तर आणि वहिनी मांडीवर डबा उघडून जेवत होते.

"गाडी ठीक आहे ना?" मी विचारलं.

"एकदम. भूक लागली म्हणून थांबलो." मास्तर उतरले. वहिनींना म्हणाले, "तू आठेच बठ. मी पानी लई येस." आणि कळशी घेऊन शेतातल्या बोअरकडे चालू लागले.

वहिनींनी मला भाकरीचा तुकडा दिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मोठी गाडी घेतली असती तर मागे ऐसपैस बसून जेवता आलं असतं."

वहिनींनी बोअरकडे जाणाऱ्या मास्तरांकडे पाहिलं.

"मोठ्या गाडीत बसलो होतो ना आम्ही एकदा," त्या म्हणाल्या. "शेटनी दिली होती, डायव्हरसकट. दिराच्या मुलीच्या लग्नाला गावाले जायला. हे पुढे बसले, मी मागे. एवढी मोठी सीट, आणि मी एकटी खिडकीशी. तर हे सारखे वळून मागं बघायचे. पारोळ्यापर्यंत मान दुखली त्यांची. लग्नात कुनी विचारलं, गाडी कशी आहे. हे म्हणाले, गाडी चांगली आहे, पण मागं लई जागा उरते." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ही गाडी कशी, आम्ही दोघं बसलो की भरते."

मास्तर कळशी घेऊन परत येत होते, पाणी सांडू नये म्हणून जपून पाऊल टाकत. वहिनींच्या बाजूला येऊन त्यांनी दार उघडलं आणि पेला भरून दिला.

"उतरस का जरासं? पाय मोकया व्हतीन," त्यांनी विचारलं.

वहिनींनी पाणी प्यायलं, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि सीटवर जराशी मागे रेलून बसल्या.

"नही," त्या म्हणाल्या. "आठेच बरं शे."