दगडूअण्णांचा तांब्या

आमच्या कोळवणातले दगडूअण्णा गाडी शिकणाऱ्याला कधीच नापास करत नाहीत. ते नापास करतात शेजारी बसलेल्या बापाला.

एसटीत जन्मभर ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेला माणूस. गप घरी बसावं की नाही? यांनी सरावाची वही लिहून काढली. शिकणाऱ्यासाठी चार पानं आणि पालकांसाठी अठ्ठावीस. ‘दाराचं हँडल धरू नये.’ ‘देवाचं नाव मनात घ्यावं.’ अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिच्या झेरॉक्स गावभर वाटतात, कुणी मागो न मागो.

माझ्या लेकीला, मुग्धाला, हिंजवडीत नोकरी लागली. एसटीच्या वेळा जमेनात, गाडी चालवता येणं भागच होतं. नाइलाजानं अण्णांना बोलावलं. भात काढलेल्या खाचरात सराव. अण्णा मागच्या सीटवर बसले आणि माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला.

“सांडला की तुमी नापास.”

“शिकतेय ती, मी नाही.”

“ब्रेक तिच्या पायात हाय मास्तर, तुमच्या तोंडात न्हाई.”

तीस वर्षं शाळेत पोरं शिकवलेल्या माणसाला हे ऐकावं लागावं!

मुग्धानं रिव्हर्स घेताना गाडी बांधावर चढवली. “अक्कल गहाण ठेवलीस का?” मी ओरडलो. तांब्या पँटवर. मुग्धानं गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली. “मला नाही जमणार, बाबा,” म्हणून ती खाली उतरली.

अण्णांनी मार्कांच्या वेगळ्या, जुन्या वहीत माझ्या नावापुढं शून्य काढलं. मी भडकलो. “स्वतःच्या पोरांना असंच शिकवलंत का?” म्हणत वही हिसकावली. पहिल्याच पानावर होतं: ‘सुनंदा. पालक मी. शून्य. परत गाडीत बसली न्हाई.’

“लेक माझी,” अण्णा म्हणाले. “ह्याच खाचरात लई वरडलो तिला. ड्रायव्हरची पोर चुकतीच कशी, म्हनून. आता दारात गाडी हाय, पन दोन लेकरं घिऊन घोटावड्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विहिरीवरून तांब्या मीच भरून आणला आणि किल्ली मुग्धाला दिली. “तू घे. मी बोलत नाही.”

गाडी पुन्हा बांधावर चढली. मी दोन्ही हातांनी तांब्या धरून बसलो. मागून अण्णांचा आवाज आला, अगदी हळू.

“चढू दे पोरी. बांध काय पळून जात न्हाई.”