साळूबाईचं निघून जाणं

एका जंगलात, मुलांनो, साळूबाई राहायची. जातीची साळिंदर. अंगावर काटे, पण बोलायला मऊ. तिचं पहिलं बीळ धरणाच्या पाण्यात गेलं. दुसरं वणव्यात गेलं. तिसरं तिने एका जांभळाखाली खणलं. बावीस दिवस लागले आणि तीन काटे मोडले. पण बीळ असं झकास झालं, की शेजारचे ससे संध्याकाळी तिथेच गप्पांना यायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत.

एक दिवस तिथे एक करकोचा उतरला. लांबचोचे त्याचं आडनाव. दरवर्षी हा दोन डोंगर आणि एक समुद्र ओलांडून यायचा आणि परत जायचा. पण त्याच्या येण्याजाण्याला कुणी स्थलांतर म्हणत नसे. त्याला दौरा म्हणत.

त्याच्या गळ्यात कॅमेरा होता.

"मी तुमच्यावर सिनेमा काढणार नाही," तो म्हणाला. ससे हिरमुसले. "आपण सगळे मिळून काढणार आहोत. इथे कुणी दिग्दर्शक नाही. मी नुसता तुमचा सहप्रवासी."

असं म्हणून तो तिथल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला.

मग कार्यशाळा झाली. सगळ्यांना गोल बसवलं. साळूबाईने बीळ खणल्याची हकिगत सांगितली. "सायेब, हितं खाली ह्यो एवढा धोंडा लागला. म्या आन् सशांनी मिळून काढला. आता त्योच दाराला लावते. त्ये घ्या की शिनेमात."

लांबचोचे गहिवरला. "हे फार मौल्यवान आहे, साळूबाई. ते तुमच्या आतच राहू दे. सिनेमात आपल्याला तुमचं निघून जाणं हवंय."

"पर म्या तर आत्ता कुठं टेकलीय."

"म्हणून तर!"

त्याने एक कागद पुढे केला. त्यावर छापलं होतं: सहलेखिका, साळूबाई. तिला काय वाटलं म्हणून सांगू! आजवर तिचं नाव फक्त हुसकावायच्या यादीत आलं होतं. तिने कागदावर पंजा उमटवला आणि सशांना दोनदा दाखवला.

शूटिंगच्या दिवशी तरसोजीराव मुद्दाम पाहायला आला. हा तरस जंगलातल्या जागा वाटून द्यायचा. कलेची त्याला फार आवड.

पहिल्या वेळी साळूबाई आपल्या पिल्लांना घेऊन निघाली, तर पिल्लं खिदळायला लागली. त्यांना वाटलं, जत्रेला निघालो.

"कट," सहप्रवासी म्हणाला.

दुसऱ्या वेळी साळूबाईने सवयीने बिळाच्या तोंडाशी धोंडा लावला.

"धोंडा नको. त्याने तुम्ही परत येणार असं वाटतं."

"येनारच हाय की! आन् उघडं ठिवलं तर इच्चू घुसत्यात."

"साळूबाई, तुम्ही सहलेखिका आहात. जरा कथेचा विचार करा."

ती ओशाळली. तिने धोंडा बाजूला सारला.

तिसऱ्या वेळी त्याने बजावलं, मागे वळून पाहायचं नाही. टेकडीपलीकडे जायचं. शिट्टी वाजली की परत यायचं. साळूबाई डोक्यावर बोचकं आणि मागे पिल्लं घेऊन चालू लागली. उघडं बीळ सोडून जाताना तिला पाण्यातलं बीळ आठवलं, जळलेलं बीळ आठवलं, आणि ती खरोखर रडली. लांबचोचे खुर्चीतून उभा राहिला.

शिट्टी काही वाजली नाही. पिल्लं भुकेने रडकुंडीला आली. ऊन कललं, तशी साळूबाई आपणहून परतली.

बिळाच्या तोंडावर नवीकोरी पाटी होती: 'स्थलांतर कलादालन'. शेजारी धोंड्यावर तरसोजीराव बसला होता.

"ह्ये माजं बीळ हाय," साळूबाई म्हणाली.

"होतं. जागा रिकामी दिसली, दालनाला देऊन टाकली."

"रिकामी कुठली? म्या शूटिंगला गेलते!"

"पुरावा आहे, बाई." त्याने कॅमेऱ्याकडे पंजा केला. "आपल्या पायांनी गेलीस. दार उघडं टाकलंस. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. आणि हे लिहिलंय कुणी? तूच!"

ससे पाटीला हार घालण्यात गुंतले होते. त्यांना उद्घाटनाचं बोलावणं होतं.

साळूबाई लांबचोचेकडे धावली. तो दौऱ्याचं सामान बांधत होता. "सायेब, तुमी तरी सांगा ह्यास्नी. तुमी आमच्या सोबतचं नव्हं का?"

लांबचोचेचे डोळे भरून आले. "साळूबाई, हे दुःख आपल्या दोघांचं आहे," तो म्हणाला. "दालनात तुमचं नाव माझ्या नावाखालीच असेल."

साळूबाईने बोचकं डोक्यावर घेतलं. पिल्लांना पुढे घातलं. या वेळी ती दर चार पावलांनी मागे वळून पाहत होती.

"छे," लांबचोचे हळहळला, "मघाशी किती छान गेली होती!"

तात्पर्य: मुलांनो, कला सर्वांनी मिळूनच करावी. ज्याच्याकडे बीळ असेल त्याने बीळ द्यावं, ज्याला रडू येत असेल त्याने रडावं. टाळ्या घेण्याचं अवघड काम तेवढं जाणकारांवर सोडावं. आणि घरातून निघताना दाराला धोंडा कधीही लावू नये. त्याने कथा बिघडते.