लोंबती केबल

"आई, आज लॅबमध्ये कशालाही हात लावायचा नाही," सूनबाईने चपला घालता घालता बजावलं.

"अगं, परीक्षा प्रात्यक्षिकाची आहे. हात न लावता देऊ कशी?"

"म्हणजे सांगितल्याशिवाय नाही!"

सासूबाईंनी मान डोलावली. सारा जन्म दवाखान्यात मेट्रन म्हणून काढल्यावर निवृत्तीनंतर त्यांना घर खायला उठलं होतं. तेव्हा त्यांनी सरळ विद्यापीठात नाव घातलं, तेही संगणकाच्या पदवीला. आणि नेमकी नेटवर्किंगची मूलतत्त्वं शिकवायला सूनबाईच वर्गावर आली. कार्यालयाला नातं ठाऊक होतं, म्हणून मार्क बाहेरचे परीक्षक देणार होते. पण वर्गातल्या पोरांना सुगावा लागू द्यायचा नाही, असा दोघींचा तह झाला होता. घरी 'अगं', कॉलेजात 'मॅडम'. बसमधून उतरल्या की सासूबाई मुद्दाम मागे रेंगाळत आणि ओळखपाळख नसल्यासारख्या फाटकातून आत शिरत.

आज सूनबाई जास्तच धास्तावली होती. तिची नोकरी कायम करायची की नाही, हे विभागप्रमुख लवकरच ठरवणार होते, आणि येणारे परीक्षक अतिशय खवट आहेत अशी ख्याती होती.

सासूबाई सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोचल्या. भिंतीवर तो स्विच होता, म्हणजे इमारतीतल्या संगणकांच्या वायरी ज्यात येऊन मिळतात ते भोकाभोकांचं जुनं खोकं. त्यातून एक निळी केबल निघून थेट जमिनीपर्यंत लोंबत होती. तिचं दुसरं टोक मोकळंच. वॉर्डात एखादी नळी अशी लोंबताना दिसली असती, तर मेट्रनबाईंनी अख्ख्या पाळीला फैलावर घेतलं असतं. सूनबाईची ताकीद त्यांना आठवली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, छताकडेही पाहिलं. शेवटी राहवेना. त्यांनी टोक उचललं, पदराने पुसलं आणि त्याच खोक्यातल्या एका रिकाम्या भोकात खोचून दिलं. टक्! आता कसं नीटनेटकं दिसत होतं.

परीक्षा सुरू होते न होते तोच एक पोरगा ओरडला, "मॅडम, माझा संगणक गोठला!"

"माझाही!"

"काकू, तुमचा चालतोय का?"

काकूंचाही ढिम्म होता. तेवढ्यात शिपाई धावत आला. "मॅडम, ग्रंथालयात काही उघडत नाही. बाई विचारतायत, पुस्तकं हाताने लिहून देऊ का?" तो वळतो तोच दुसरा आला. "दाखल्यांच्या खिडकीवर लोक भांडायला उठलेत!"

त्याच्या पाठोपाठ विभागप्रमुख. "नेटवर्किंगच्या परीक्षेला नेटवर्कच बंद? मॅडम, लोक हसतील आपल्याला! उंदरांनी वायर कुरतडली असणार. नाहीतर व्हायरस. आधी सगळं बंद करून चालू करा!"

सगळं बंद करून चालू केलं. क्षणभर पडदे जिवंत झाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या थांबायच्या आत सगळं पुन्हा झोपलं. विभागप्रमुख टेबलाखाली वाकून उंदराच्या लेंड्या शोधू लागले. सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंना तिची फार दया आली. पाण्याचा पेला पुढे करत त्या कुजबुजल्या, "कुणा मेल्याने केलं असेल गं हे?"

अशा वेळी परीक्षक दारात उभे राहिले. त्यांनी आधी गोठलेल्या पडद्यांकडे पाहिलं, मग टेबलाखालून बाहेर आलेल्या विभागप्रमुखांच्या पाठीकडे.

"तुमचं चालू द्या," ते कोरडेपणाने म्हणाले. "तोवर मी तोंडी परीक्षा उरकतो. बाई, तुम्ही या. सांगा, एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली तर काय होईल?"

सासूबाई खूश झाल्या. हा धडा त्यांना तोंडपाठ होता. "साहेब, निरोप गोल गोल फिरायला लागतात. सगळ्यांसाठी सोडलेला निरोप एका टोकाने बाहेर पडतो, दुसऱ्या टोकाने परत आत येतो. स्विचला वाटतं नवाच आलाय, म्हणून तो पुन्हा सगळ्यांना वाटतो. शेवटी इतकी गर्दी होते की कामाचा निरोप पुढे सरकतच नाही."

"छान. लक्षणं?"

"स्विचवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला..." बोलता बोलता त्यांची नजर भिंतीकडे गेली. सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "आधी... लॅब बंद पडते. मग ग्रंथालय. मग दाखल्यांची खिडकी."

"दाखल्यांची खिडकी कुठल्या पुस्तकात आहे?"

"आणि बंद करून चालू केलं तरी फरक पडत नाही, साहेब. कारण ते टोक... ते मेलं तिथंच असतं."

"उपाय?"

सासूबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि निळी केबल उपसली. एकेक पडदा जिवंत होत गेला.

"आई!" सूनबाई किंचाळली. "परत आवराआवर केलीत?"

"ह्या मॅडमच्या आई?" मागून कुणीतरी विचारलं.

"सासू," सासूबाईंनी दुरुस्ती केली. मग त्या विभागप्रमुखांकडे वळल्या. "साहेब, चूक माझी. तिने सकाळीच बजावलं होतं मला. नापास करायचं तर मला करा, पण तिच्या नोकरीवर याचा राग काढू नका."

विभागप्रमुखांनी परीक्षकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" परीक्षक म्हणाले. "शिकवणं पक्कं नसतं तर बाईंना जागच्या जागी दोष सापडला असता का? तुम्ही तर उंदीर शोधत होतात."

विभागप्रमुखांनी गुडघ्यावरची धूळ झटकली आणि सूनबाईच्या अध्यापनाबद्दल आपलं मत पहिल्यापासूनच चांगलं असल्याचं सांगून ते निघून गेले.

परीक्षा आटोपली, पोरं पांगली; सासूबाई तेवढ्या मागे थांबल्या. परीक्षक मात्र बॅग आवरत उगाचच घुटमळत राहिले. दाराबाहेर कुणी नाही याची खात्री करून ते सूनबाईजवळ आले. आवाजातला खवटपणा पार गळून गेला होता.

"मॅडम, एक विचारू? आमच्या सासूबाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. आता शिकायचं म्हणतायत. आणि माझ्याच वर्गात." त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "तुमच्या कॉलेजात त्यांच्यासाठी एखादी जागा असेल का हो?"

सूनबाई तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी परीक्षकांसाठी खुर्ची ओढली.

"बसा हो साहेब," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, स्वभाव कसा आहे त्यांचा?"